चाकं बांध, गाडी नको

सातारा

प्रिय संज्या,

चार महिने माझ्याकडून ना पत्र, ना फोन. मनाला लागून आहे ते. पण आज लिहायला बसलोय ते वहिनींनी पाठवलेल्या फोटोमुळे. तुझी लोटस एलीज, ती छोटी स्पोर्ट्स कार, ट्रेलरवर चढलेली पाहिली आणि आनंद झाला, मग फोटो मोठा करून पाहिला आणि जीव घाबरा झाला. शनिवारी पुण्याहून निघायच्या आत हे सगळं वाच. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून पत्र.

इकडे सगळे बरे आहेत. आईचा गुडघा आहे तसाच.

तर फोटो. पुढच्या डाव्या चाकाच्या आतल्या बाजूला बघ. हुक लोअर आर्मला, म्हणजे चाक धरणाऱ्या खालच्या दांड्याला, अडकवलाय आणि पट्टा ब्रेकच्या रबरी नळीला घासून खाली उतरलाय. हे ज्याने बांधलं त्याने मोठ्या गाड्या वाहिल्या असतील, ही नाही. या गाडीचे आर्म बारीक नळ्यांचे आहेत. लांबीच्या दिशेने येणारा जोर ते सहज घेतात. मधोमध आडवा ओढलास की वाकतात. वाकलेला आर्म डोळ्यांना दिसतही नाही, अलाइनमेंटला लावल्यावर कळतो. आणि घासलेली नळी कधी दगा देईल ते सांगता येत नाही.

मागचे पट्टे सांगाड्याला बांधलेत, तेही सोड. साच्यातून काढलेले अ‍ॅल्युमिनियमचे भाग एपॉक्सीने चिकटवून केलेला तो ६८ किलोचा सांगाडा आहे. लोखंडी हुक त्याच्या कडेत रुतला की कड दबते, वरचा थर खरवडतो आणि तिथून गंज धरतो. पुढची टोइंगची रिंग विंचने सरळ ओढण्यापुरती आहे, प्रवासभर बांधून ठेवायला नाही.

आता आपलं मिरजेचं जुनं भांडण. तू आणि आबा म्हणायचात, स्प्रिंग दाबून गाडी खाली बसव, मग हलत नाही. मी तेव्हाही नाही म्हणत होतो, आजही नाहीच म्हणतो. हळदीची पोती आवळली की आवळली. गाडी मात्र स्प्रिंगवर उभी असते. सांगाडा खाली ओढलास तरी खड्ड्यात ती अजून दबते, त्या क्षणी पट्टा ढिला पडतो, हुक निसटतो. वर येते तेव्हा पट्ट्याला झटका बसतो. गाडी हलकी म्हणून हे कमी होत नाही. म्हणून चाकं बांधायची. चाक प्लॅटफॉर्मला घट्ट, वरची गाडी आपल्या स्प्रिंगवर मोकळी.

चारही चाकांना टायरवरून जाणारे पट्टे घे, रबरी ठोकळे ओवलेले. एक टोक चाकापुढच्या डी-रिंगमध्ये, म्हणजे प्लॅटफॉर्मवरच्या कडीत, पट्टा टायरच्या नक्षीवरून, दुसरं टोक चाकामागे रॅचेटला, म्हणजे पट्टा आवळायच्या खटक्याला. ठोकळे नक्षीतच बसले पाहिजेत, टायरच्या गालावर सरकू देऊ नकोस. रॅचेटच्या मधल्या आसावर पट्ट्याचे दोन-तीन वेढे यावेत. एकच वेढा असला तर पट्टा सरकतो. फार झाले तर रॅचेट अडकतं, सुटता सुटत नाही. दांडी पूर्ण मिटून खटका बसला का ते हाताने तपास. उरलेलं शेपूट बांधून टाक. गाठ मात्र कुठेही मारायची नाही, गाठीपाशी पट्ट्याची निम्मी ताकद जाते.

विकत घेताना लेबल वाच. दुकानदार तुटण्याचा आकडा मोठ्याने सांगेल. आपल्याला एलसी, म्हणजे बांधताना सुरक्षित धरायच्या ताणाचा आकडा, हवा, तो तुटण्याच्या आकड्याच्या निम्मा असतो. एलसी १००० डीएएन म्हणजे ढोबळ हजार किलोचा ताण. हिशेब असा की जोरात ब्रेक लागला तर माल पुढे वजनाच्या ८० टक्के जोराने जातो, वळणावर बाजूला आणि वेग घेताना मागे ५० टक्के. गाडी साधारण ८६० किलोची धरली तर पुढे सातशेच्या आसपास. चार चांगले पॉलिएस्टर पट्टे हे आरामात घेतात. उन्हात पांढरा पडलेला किंवा कडेला कापलेला पट्टा असला तर सरळ फेकून दे.

चढवताना ट्रेलर पिकअपला जोडलेला, जमीन सपाट, आणि ट्रेलरच्या मागच्या टोकाखाली टेकू. नाहीतर गाडी रॅम्पवर आली की शेपूट खाली जातं आणि पिकअपचा मागचा भाग उचलला जातो. रॅम्पही लांब हवा. प्लॅटफॉर्म ५० सेंटिमीटर उंच असेल तर दीड मीटरच्या रॅम्पला जवळपास २० अंशांचा चढ येतो, नाक घासणारच. तीन मीटर केलास की १० अंशांच्या आत. घरच्या फळ्या जोडल्या तरी चालतील, पण सरकणार नाहीत अशा पिनने अडकव.

आणि वजन कुठे ठेवायचं, हे मला पट्ट्यांइतकंच महत्त्वाचं वाटतं. इंजिन मागे असल्याने सुमारे ६२ टक्के भार मागच्या चाकांवर आहे. नाक पुढे करून मधोमध उभी केलीस तर ट्रेलरचं शेपूट जड होतं, पिकअपच्या जोडहुकावर भारच राहत नाही आणि खंबाटकी उतरताना ट्रेलर डुलायला लागतो. तू म्हणशील उलटी चढव. चढवता येते, पण मग वारा मागून कापडी टपाखाली आणि इंजिनच्या झाकणाखाली शिरतो. मी नाक पुढेच ठेवीन आणि गाडी पुढे सरकवीन. चारही चाकं बांधून, ट्रेलरच्या चाकांना ठोकळे लावून, मागचा टेकू तसाच ठेवून ट्रेलर सोडव. मग ट्रेलरचं कपलिंग, म्हणजे पुढचं जोडायचं टोक, पिकअपच्या हुकाच्याच उंचीवर येईल असा लाकडी ठोकळा वजनकाट्यावर उभा कर, टेकू काढ आणि वजन बघ. ट्रेलर आणि गाडी मिळून १,३६० किलो धरलं तर काट्यावर ७० ते ९५ यायला हवेत, पिकअपच्या मर्यादेत. आकडा जमला की प्लॅटफॉर्मवर चाकांच्या जागी रंगाने रेघ मार, पुढच्या वेळी मोजायला नको.

डुललाच तर ब्रेक दाबू नकोस, वेग वाढवू नकोस. अ‍ॅक्सिलरेटर सोड आणि स्टिअरिंग सरळ धर. साठच्या वर जाऊच नको.

झाकायचं कव्हर घालू नकोस. वाऱ्याने फडफडतं आणि आतली धूळ पॉलिश पेपरसारखी रंग काढते.

खेड शिवापूरला पहिल्यांदा थांब. पट्टे बसतात, ढिले पडतात, तेव्हा पुन्हा आवळ. हात लावून ट्रेलरच्या चाकांचे हब गरम आहेत का बघ. मग खंबाटकी उतरल्यावर, मग आमच्याकडे चहाला. पेठ नाक्यावर चौथ्यांदा, आष्ट्याच्या रस्त्याला लागायच्या आधी.

चिनूला वालचंदला प्रवेश मिळाला, फार बरं झालं. द्राक्षांचं भेटल्यावर बोलू. वहिनींना नमस्कार.

तुझा,
बंडू

ता. क. पट्टे मागवताना दोन मापं सांग: पुढचे टायर १७५, मागचे २२५. एकाच मापाचे आणलेस तर पुढचे ठोकळे टायरवर नीट बसणार नाहीत.