तुरीबद्दलचा शब्द पेरणीआधी द्या
प्रति,
मा. केंद्रीय वाणिज्य व उद्योगमंत्री,
नवी दिल्ली

महोदय, सप्रेम नमस्कार.

मी लातूर जिल्ह्यातला तूर उत्पादक आहे. सोयाबीनमध्ये तुरीची तासं (ओळी) धरतो, डिसेंबर-जानेवारीत काढणी करतो आणि माल आडतीवर नेतो. आज मात्र पत्र लिहितोय ते आफ्रिकेबद्दल. माझ्या तुरीचा भाव आणि मोझांबिकमधल्या शेतकऱ्याच्या तुरीचा भाव गेली कित्येक वर्षं एकाच दोरीला बांधलेले आहेत, आणि त्या दोरीचं टोक आपल्या मंत्रालयात आहे.

डाळीच्या व्यापाऱ्यांच्या तोंडी ‘गजरी’, ‘मटवारा’, ‘अरुषा’ ही नावं असतात. गजरी मोझांबिकची, बाकीच्या दोन्ही टांझानियाच्या. पूर्वी ही नावं ऐकली की माझ्या कपाळाला आठी पडायची. परदेशी तूर आली म्हणजे आपला भाव गेला, एवढंच कळायचं. 2017 नंतर जरा खोलात शिरून वाचलं, तेव्हा मत बदललं.

2015 च्या ऑक्टोबरात तूरडाळ किलोला 200 रुपयांवर गेली. मग जुलै 2016 मध्ये पंतप्रधान मोझांबिकला गेले आणि करार झाला: पहिल्या वर्षी एक लाख टन तूर घेऊ, 2020-21 पर्यंत ती दोन लाख टनांवर नेऊ. तिकडच्या शेतकऱ्याने तो ऐकून पेरा वाढवला. इकडे आम्हीही वाढवला, कारण बोनस धरून क्विंटलला 5,050 रुपये हमीभाव होता आणि पाऊसही चांगला झाला. देशाचं उत्पादन वर्षभरात जवळपास दुप्पट झालं. बाजारात भाव चार हजारांच्याही खाली आला. एका खरेदी केंद्राबाहेर मी ट्रॉलीवर चार रात्री काढल्या. पाचव्या दिवशी काटा सुरू झाला आणि दुपारपर्यंत बारदाना (पोती) संपला. उरलेली तूर मिळेल त्या भावात आडत्याला घातली. त्या वर्षी मुलीची फी भरायला सोनं गहाण टाकावं लागलं.

सरकारने आयातीवर मर्यादा घातली ती 5 ऑगस्ट 2017 ला. वर्षाला दोन लाख टन, त्याहून जास्त नाही. ऑगस्टपर्यंत आमच्यापैकी बहुतेकांची तूर विकून झाली होती, त्यामुळे आम्हाला त्याचा काडीचा उपयोग झाला नाही. पण पूर्व आफ्रिकेत तेव्हा काढणी चालू होती. आमच्या खळ्यावरचं संकट टळावं म्हणून काढलेला आदेश नेमका त्यांच्या खळ्यावर जाऊन पडला. मोझांबिकला करारामुळे कागदावर सूट होती, तरी भाव तिथेही कोसळले. मलावी आणि टांझानियाकडे तर तेव्हा असा करारही नव्हता. मलावीला स्वतःचा समुद्रकिनारा नाही, माल शेजारच्या देशांतल्या बंदरांवरून जातो. टांझानियात तुरीला ‘म्बाझी’ म्हणतात, नारळाच्या दुधात शिजवून खातात. पण भारतासाठी पेरलेली तूर घरात खाऊन किती खाणार? मोझांबिकमध्ये तर ती खाण्याची फारशी पद्धतच नाही. भारताने दार लावलं की त्या पिकाला दुसरं गिऱ्हाईक उरत नाही.

हे वाचलं तेव्हा ट्रॉलीवरच्या त्या चार रात्री आठवल्या. तिकडेही कुणीतरी असाच आपल्या ढिगाशेजारी बसून राहिला असेल.

पुढे डाळ परत महागली. 2021 मध्ये आयात खुली झाली, मलावीशी वर्षाला 50,000 टनांचा पाच वर्षांचा करार झाला, मोझांबिकचा करारही वाढवला. हे चांगलंच झालं. पण खुल्या आयातीची मुदत वर्षावर्षाने वाढवत नेली. आणि 2025 च्या अर्थसंकल्पात सरकारने कडधान्यांत आत्मनिर्भर होण्यासाठी सहा वर्षांचं अभियान जाहीर केलं. मी त्याच्या बाजूने आहे. सरकार तूर हमीभावाने घेणार असेल तर मला आणखी काय हवं? प्रश्न एवढाच आहे की 2031 मध्ये आपण खरंच आत्मनिर्भर झालो तर मोझांबिकमधल्या नाम्पुला आणि झांबेझिया प्रांतांतल्या शेतकऱ्याला ते कोण सांगणार, आणि कधी? बोटीत माल चढल्यावर?

सप्टेंबर 2023 मध्ये दिल्लीत आफ्रिकी संघ जी-20 चा कायमचा सदस्य झाला तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता. आफ्रिकेच्या विकासाचे आणि स्थैर्याचे आपण भागीदार आहोत, असं आपलं सरकार नेहमी सांगतं. मोझांबिकच्या उत्तर भागातल्या काबो देल्गादो प्रांतात ऑक्टोबर 2017 पासून हिंसाचार चालू आहे. तिथल्या समुद्रातल्या वायूच्या एका प्रकल्पात आपल्या सरकारी कंपन्यांचा मिळून 30 टक्के वाटा आहे, आणि मार्च 2021 मध्ये पाल्मा गावावरच्या हल्ल्यानंतर ते काम बंद पडलं होतं. नाम्पुला त्याच्या लगतचा प्रांत. तुरीचा भाव पडला म्हणून तिकडे बंदुका निघाल्या, असं मी म्हणत नाही. पण शेतात राबून हातात पैसा येतो, हा भरवसा तिथल्या तरुणाला असणं वायूच्या प्रकल्पाइतकंच आपल्याही हिताचं आहे.

म्हणून विनंती अशी. तिकडे तूर नोव्हेंबर-डिसेंबरच्या पावसावर पेरतात. भारत पुढच्या हंगामात कोणत्या देशाकडून किती घेणार, हे ऑक्टोबर उजाडायच्या आत जाहीर करा, एका वर्षाचं नको, निदान तीन वर्षांचं. तो आकडा आम्हालाही मृगाआधी कळू द्या. त्यांची तूर आपल्याकडे साधारण सप्टेंबर ते डिसेंबरात उतरते, आमची त्यानंतर बाजारात येते. निसर्गानेच पाळी लावून दिली आहे. ज्या वर्षी बाजारभाव हमीभावाखाली असेल त्या वर्षी आलेला माल सरकारने राखीव साठ्यासाठी (बफर) घेऊन गोदामात ठेवावा, आमची आवक सरेपर्यंत बाहेर काढू नये. असं केलं तर दिलेला शब्दही मोडणार नाही आणि आमचा भावही पडणार नाही.

आणखी एक. बदनापूरच्या संशोधन केंद्राने आम्हाला ‘बीडीएन 711’ सारखं लवकर येणारं वाण दिलं, लातूरच्या डाळमिलवाल्यांना डाळ पाडण्याचा पिढ्यांचा अनुभव आहे. तिकडच्या तरुणांना इथे बोलवा, शिकू द्या. उद्या त्यांनी स्वतःची डाळमिल टाकली आणि आपली मागणी घटली तरी त्यांच्या तुरीला दुसरी वाट राहील. आमच्या गावात राहायची सोय आम्ही करू.

मोझांबिक आणि मलावीबरोबरच्या या करारांचं पुढे काय करायचं, हे ठरवताना शेतकऱ्यांनाही विचारावं. बोलावलंत तर मी दिल्लीला स्वखर्चाने येईन.

आपला,
एक तूर उत्पादक,
जि. लातूर