यंदा उपवासकाळात काय सोडावे?

वसई,
रविवार, १५ फेब्रुवारी २०२६

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. आमच्या सर्वांच्या प्रकृती ठीक आहेत. दहा महिने तुला पत्र नाही, आणि त्याचे कारण आळस नव्हे. गेल्या गुड फ्रायडेला आईला चक्कर आली, एवढेच मी तुला फोनवर सांगितले होते. खरे तर क्रुसाच्या वाटेत, म्हणजे येशूच्या दुःखसहनाची चौदा स्थाने करत प्रार्थना म्हणताना, आठव्या स्थानापाशी ती माझ्या डोळ्यांदेखत कोसळली, आणि दवाखान्यात मोजली तेव्हा साखर ४८ भरली. पहाटे तिने मधुमेहाची गोळी घेतली होती आणि पोटात अन्नाचा कण नव्हता. हे तुला सांगण्याचा धीर झाला नाही, कारण त्या सकाळी मीही उपाशी होतो आणि मला त्याचे मोठे समाधान वाटत होते.

येत्या बुधवारी, म्हणजे राखेच्या बुधवारी, कपाळाला राख लागेल आणि ईस्टरपूर्वीचा उपवासकाळ सुरू होईल. काल आईने क्रुसामागे खोचलेली गेल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारची झावळी, जाळून राख करण्यासाठी चर्चमध्ये द्यायला म्हणून, काढली. पाती इतकी वाळली होती की हात लागताच मोडली; तिने तुकडे पदरात गोळा केले आणि विचारले, "यंदा तू काय सोडणार?"

कॉलेजात असताना तू चहा सोडायचास आणि रविवारी मात्र दोन कप प्यायचास, त्यावरून आपण आठवडाभर बोललो नव्हतो. राखेच्या बुधवारापासून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत ४६ दिवस होतात, त्यांतले सहा रविवार उपासात धरत नाहीत, हा तुझा हिशेब बरोबर होता. आज लेखी मान्य करतो, वहिनींना अवश्य दाखव.

मासळी मी दरवर्षीप्रमाणे सोडेनच आणि तिचे पैसे गरिबांच्या पेटीत टाकीन. मन अडले आहे ते उपासापाशी. चर्चचा नियम अठरा ते एकोणसाठ वर्षांच्या माणसांना आहे, तोही राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे या दोनच दिवसांचा, आणि त्या दिवशीही एक पूर्ण जेवण व दोन वेळा थोडेसे खाता येते. आमच्या घरची रीत मात्र दुपारी तीनपर्यंत काहीच न घेण्याची. जानेवारीत मला साठ पूर्ण झाली; आई तर केव्हाच सुटली आहे. डॉक्टर सांगून थकले, फादर घरी येऊन सांगून गेले, पण ती म्हणते, "घरातला पोरगा उपाशी असताना माझ्या घशाखाली घास उतरत नाही."

म्हणजे मित्रा, तिच्या उपासाचे मूळ माझ्या उपासात होते, आणि हे कळायला मला वर्ष लागले. आता मी सकाळी तिच्याबरोबर जेवायला बसावे, असे ठरवतो आहे. तरी चाळीसहून अधिक वर्षे न मोडलेले व्रत असे सोडताना जीव कासावीस होतो, ही सवलत तर शोधत नाही ना, अशी शंका येते. बुधवारच्याच शुभवर्तमानात येशू सांगतो की उपास करताना डोक्याला तेल लाव, तोंड धू, लोकांना कळू देऊ नकोस. माझा उपास तर सगळ्या आळीला ठाऊक आहे. तेव्हा यंदा सोडायचे ते हेच असावे, असे मला आज तरी वाटते. तुझे मत कळव. तू माझी भीड धरणार नाहीस.

तुझी नवी नोकरी मानवली असेल, आणि थोरलीची परीक्षा चांगली गेली असेल. कुवेतला येण्याचे आमंत्रण लक्षात आहे.

एक काम कर. तुझे आई अजून ऐकते. बुधवारी ती चर्चमधल्या मिस्साहून आल्यावर, आपल्याकडच्या साडेआठच्या सुमारास, तिला फोन कर आणि काय खाल्ले ते विचार.

तुझा,
बावखलाकाठचा मित्र