सही करण्यापूर्वी

कोल्हापूर

चि. सायली हिस,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला गाण्यांच्या कंपनीच्या कराराचा मसुदा तुझ्या बाबांनी आणि मी नीट वाचला. परवा फोनवर माझी शंका ऐकून तू म्हणालीस, "कॅरोल जीनेसुद्धा शाळकरी वयातच करारावर सही केली होती, तिचे काय अडले?" हा दाखला मला सोडून देण्यासारखा वाटला नाही. गेले काही दिवस मी तिच्याविषयी मिळेल ते वाचले, तिच्यावरचा नेटफ्लिक्सचा माहितीपट पाहिला आणि तुझ्यामुळे घरात वाजत असलेली तिची गाणी या वेळी लक्ष देऊन ऐकली. तुझा दाखला खरा आहे, मात्र तू त्याची सुरुवात आणि शेवटच पाहिला आहेस. मधली वर्षे तुझ्यापुढे मांडावीत म्हणून हे पत्र लिहीत आहे.

कॅरोल जी, म्हणजे करोलिना हिराल्दो नवार्रो ही गायिका, 14 फेब्रुवारी 1991 रोजी कोलंबियातील मेदेयिन शहरात जन्मली. तीन बहिणींत ती धाकटी. तिचे वडील गिलेर्मो हिराल्दो स्वतः संगीतातले होते, आणि मुलीचा गळा घरात सर्वांत आधी त्यांनी ओळखला. किशोरवयात ती 'एक्स फॅक्टर' या टीव्हीवरील गाण्याच्या स्पर्धेच्या कोलंबियातील आवृत्तीत उतरली. 16 मे 2006 रोजी तिने पहिल्या करारावर सही केली, तेव्हा ती पंधरा वर्षांची होती. ही तारीख तिने किती जपली आहे ते पाहा: 2021 च्या मार्चमध्ये आलेल्या तिच्या तिसऱ्या अल्बमचे नाव 'केजी 0516' असे आहे, म्हणजे तिच्या नावाची आद्याक्षरे आणि त्या सहीचा महिना व दिवस. विमानाच्या फ्लाइट क्रमांकासारखे दिसणारे ते नाव तुला नक्कीच आवडत असणार. तरीही त्या सहीनंतर तिचा पहिला अल्बम यायला 2017 चा ऑक्टोबर उजाडला. मध्ये अकरा वर्षे गेली, सायली, आणि माझे सगळे म्हणणे त्या अकरा वर्षांबद्दलच आहे.

त्या काळात तिच्याजवळ करार होता, पण काम तिला स्वतःच शोधावे लागत होते. वडील तिचे मॅनेजर झाले आणि बापलेक कोलंबियाभर शाळा-कॉलेजांतून, लहानमोठ्या समारंभांतून कार्यक्रम करत फिरले. आपल्याच शहरातील रेकॉन या गायकामागे तिने कोरसमध्ये आवाज दिला आणि पुढे त्याच्यासोबत एक गाणेही केले. अँटिओकिया विद्यापीठात तिने संगीताचे शिक्षण घेतले. वरवर पाहणाऱ्याला ही वर्षे रिकामी वाटतील. मला मात्र त्यांत कष्ट दिसतात, आणि एक वेगळी गोष्टही दिसते, ती अशी की या मुलीच्या बाजूने टेबलावर बसणारा माणूस तिचा स्वतःचा होता. कंपनीने दिलेला मॅनेजर आणि घरचा मॅनेजर यांच्या निष्ठा वेगवेगळ्या असतात. तुझ्या मसुद्यातील चौथ्या कलमात मॅनेजर नेमण्याचा अधिकार कंपनीने स्वतःकडे ठेवला आहे, हे तुझ्या नजरेतून सुटले असावे.

तिला इतका वेळ का लागला हे समजून घ्यायचे, तर ती गाते त्या रेगेटॉन या नाचाच्या ठेक्यावरील स्पॅनिश संगीताचा उगम पाहावा लागतो. या संगीताच्या ठेक्याचे मूळ जमैकाच्या 'डान्सहॉल' या नाचाच्या संगीतात आहे. पनामात स्थायिक झालेल्या जमैकन वंशाच्या लोकांनी त्याला स्पॅनिश शब्द दिले, आणि 1990 च्या दशकात पोर्तो रिकोच्या गरीब वस्त्यांतून आजचे रेगेटॉन घडले. तेथील सरकारला ते इतके खुपले की 1995 मध्ये पोलिसांनी अश्लीलतेचे कारण देऊन दुकानांतील कॅसेटी जप्त केल्या होत्या. तेव्हाच्या 'द नॉईज' या गायकांच्या मंडळीत मुलांच्या घोळक्यात आयव्ही क्वीन ही एक मुलगी ठामपणे उभी होती, आणि 2003 च्या तिच्या गाण्याने नाचणे म्हणजे दुसऱ्या कशाची संमती नव्हे, हे सर्वांना ठणकावून सांगितले. तरी तिच्यामागून येणाऱ्या बायकांसाठी वाट रुंद झाली नाही. डॅडी यांकीसारख्यांच्या गाण्यांनी रेगेटॉन जगभर पोहोचले, मेदेयिनमधून जे बाल्विन आणि मालुमा पुढे आले, पण कंपन्यांच्या हिशेबात हा पुरुषांचा प्रांत राहिला. कॅरोल जीने नंतर सांगितले आहे की एका मोठ्या कंपनीने, या प्रकारात बाई चालणार नाही, असे सांगून तिला परत पाठवले होते. समोर बसलेल्या मुलीचे गाणे कानावर पडत असताना कोणी असे म्हणावे, याचा मला वाचतानाही राग आला.

त्यानंतर ती खचली. 2014 मध्ये गाणे मागे ठेवून ती इंग्रजी शिकण्यासाठी न्यूयॉर्कला निघून गेली. तिथल्या भुयारी रेल्वेने जाता-येता तिला डब्यात एक जाहिरात दिसली. बोस्टनमध्ये संगीताच्या व्यवसायाविषयी एक परिषद होणार होती, तिची ती जाहिरात. मला या प्रसंगात फार अर्थ दिसतो. जाहिरात गाण्याच्या स्पर्धेची नव्हती की ऑडिशनची नव्हती. गाणे विकले कसे जाते, हक्क कोणाकडे राहतात, पैसा कोणत्या वाटेने फिरतो, हे सांगणाऱ्या परिषदेची ती जाहिरात होती. गळा तिच्याकडे आधीपासून होताच. तिला या बाजूची माहिती हवी होती. ती त्या परिषदेला गेली, आणि तिथून परतल्यावर पुन्हा मेदेयिन गाठून कामाला लागली. पंधराव्या वर्षी केलेल्या सहीपेक्षा मला तेविसाव्या वर्षीची ही परिषद तिच्या आयुष्यात मोठी वाटते. माझी सारी नोकरी बँकेच्या कर्जविभागात गेली. तिथे मी हुशार, कष्टाळू माणसे अटी न वाचता सही करताना पाहिली आहेत आणि त्याच अटींपुढे पुढे हतबल झालेलीही पाहिली आहेत, म्हणून मी हे इतक्या आग्रहाने सांगते आहे.

2016 मध्ये तिने युनिव्हर्सल म्युझिक लॅटिनोशी करार केला. पुढल्या वर्षी बॅड बनी या पोर्तो रिकोच्या गायकासोबतचे गाणे गाजले, 'अनस्टॉपेबल' हा पहिला अल्बम आला, आणि 2018 मध्ये लॅटिन ग्रॅमी या स्पॅनिश-पोर्तुगीज संगीताच्या पुरस्कारांत सर्वोत्तम नवोदित कलावंताचा पुरस्कार तिला मिळाला. बारा वर्षांपूर्वी पहिली सही केलेल्या मुलीला नवोदित म्हणून गौरवले गेले, याकडे तुझे लक्ष गेले आहे का? 2019 च्या नोव्हेंबरमध्ये निकी मिनाज या रॅप गायिकेसोबतचे 'तुसा' हे गाणे आले. ते मी बरेच वेळा ऐकले. सुरुवातीला व्हायोलिनचे सूर येतात, मग त्यांच्या खालून ठेका उचलतो. गाण्यातली मुलगी प्रेमभंगातून सावरली आहे असे सर्वांना वाटते, पण जुने गाणे लागले की तिला रडू कोसळते. नाचाच्या ठेक्यावर रडण्याची गोष्ट सांगणे सोपे नाही, आणि तिचा आवाज तिथे ओरडत नाही, म्हणून ते रडणे खरे वाटते. ही गाणी ज्याच्यासोबत घडली तो संगीतकार-निर्माता ओव्ही ऑन द ड्रम्स हासुद्धा मेदेयिनचाच. मोठे नाव झाल्यावरही तिने आपल्या गावच्या जोडीदाराला सोडले नाही. तुझ्याबरोबर कॉलेजपासून वाजवणारी मुले मसुद्यात कुठेच नाहीत, हे मला तेव्हा जाणवले.

यानंतरचे सर्व तुला माहीत आहे, तरी एक-दोन गोष्टी मला सांगायच्याच आहेत. 24 फेब्रुवारी 2023 रोजी आलेला 'मान्याना सेरा बोनितो' हा तिचा अल्बम अमेरिकेतील लोकप्रिय अल्बमांच्या बिलबोर्ड 200 यादीत थेट पहिल्या क्रमांकावर दाखल झाला. संपूर्ण स्पॅनिश अल्बमने स्त्री कलावंताला हे स्थान मिळण्याची ती पहिलीच वेळ होती. त्या अल्बममध्ये तिने शकीरासोबतही गायले आहे. त्याच वर्षी लॅटिन ग्रॅमीत तो वर्षातील सर्वोत्तम अल्बम ठरला, आणि 2024 च्या फेब्रुवारीत ग्रॅमीचा 'म्युझिका उर्बाना' (रेगेटॉन ज्यात मोडते त्या) विभागातील पुरस्कार मिळवणारी ती पहिली स्त्री झाली. ज्या प्रांतात बाई चालणार नाही असे सांगितले गेले, त्याच प्रांताचा हा पुरस्कार. डिसेंबर 2023 मध्ये ती मेदेयिनच्या फुटबॉल स्टेडियममध्ये, आपल्या माणसांसमोर, लागोपाठ दोन दिवस गायली. पुढच्या जुलैत माद्रिदच्या सांतियागो बेर्नाबेउ स्टेडियममध्ये चार रात्री. आणि तुझ्या प्रश्नाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे म्हणजे 2023 मध्येच ती जुनी कंपनी सोडून इंटरस्कोप या दुसऱ्या कंपनीकडे गेली, ती 'बिचोता रेकॉर्ड्स' हे स्वतःचे लेबल, म्हणजे गाणी काढणारी संस्था, घेऊन. पहिल्या सहीच्या वेळी ती कराराखाली नाव लिहिणारी मुलगी होती. आता ती अटी घालणारी भागीदार होती.

कीर्तीमागून कोणकोणती संकटे येतात तेही तिच्याकडे पाहून कळते. 2023 च्या एप्रिलमध्ये एका प्रसिद्ध मासिकाच्या मेक्सिकन आवृत्तीने मुखपृष्ठावर तिचे छायाचित्र छापले. ते पाहून तिने जाहीरपणे लिहिले की हा चेहरा आणि हे शरीर आपले नाही, आपण जशा आहोत तशाच आपल्याला बऱ्या वाटतो. तुझ्या मसुद्यात 'कलावंताची प्रतिमा कंपनी ठरवेल' असे एक छोटे वाक्य आहे. त्या वाक्यातून असे मुखपृष्ठ जन्माला येते, आणि त्यावर आक्षेप घेण्याचा तुझा हक्क त्याच वाक्याने जातो.

दुसरा प्रसंग सांगताना मला थोडा त्रास होतो, पण आई म्हणून तो टाळणार नाही. 2024 च्या नोव्हेंबरमध्ये तिने कोलंबियाच्या इतर अनेक गायकांसोबत एक गाणे केले, ज्यात चौदा वर्षांच्या मुलीचा आकर्षक म्हणून उल्लेख होता. देशभर संताप उसळला. शब्द संदर्भाबाहेर घेतले गेले असे तिचे म्हणणे होते, तरी तिने जबाबदारी घेऊन माफी मागितली आणि ओळीतले वय बदलले गेले. ती ओळ लिहिली जायलाच नको होती, असे माझे स्पष्ट मत आहे, विशेषतः जिने एकेकाळी पंधराव्या वर्षी या व्यवसायात पाऊल टाकले तिच्या गाण्यात. आठ जण एका खोलीत बसून गाणे करतात तेव्हा 'हे मी म्हणणार नाही' असे सांगणारे कोणी तरी असावे लागते. ते तू असावेस असे मला वाटते, आणि त्यासाठी शब्दांना नकार देण्याचा अधिकार करारात लिहून घेतला पाहिजे.

आता मसुद्याबद्दल. कंपनीने तुझ्या गाण्यांचे सर्व हक्क कायमचे आणि संपूर्ण जगासाठी मागितले आहेत. तू स्वतः शब्द लिहितेस आणि चालीही बांधतेस. 2012 साली आपल्या कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली, तिच्यामुळे गीतकार व संगीतकार यांचा रॉयल्टीतील, म्हणजे गाणे वापरले जाईल तसे मिळणाऱ्या पैशातील, समान वाटा कराराने काढून घेता येत नाही. तो फक्त वारसांना किंवा असे पैसे गोळा करणाऱ्या नोंदणीकृत संस्थेला देता येतो. म्हणून 'एकरकमी मोबदल्यानंतर कोणताही हक्क शिल्लक राहणार नाही' हे अकरावे कलम जसे आहे तसे मान्य करू नकोस. हक्क किती वर्षांसाठी दिले हे करारात नसेल, तर कायदा पाच वर्षे धरतो, आणि कोणत्या प्रदेशासाठी दिले हे नसेल, तर भारतापुरते धरतो. हे मुद्दे कंपनीने मुद्दाम स्पष्ट लिहून घेतले आहेत, ते याच कारणाने. रॉयल्टी गोळा करणाऱ्या इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीचे कार्यालय मुंबईतच आहे. सभासद होण्यासाठी तिथे चौकशी करून ठेव. तुझे गायिकेचे नाव कंपनीच्या मालकीचे राहील, ही अट तर पूर्णपणे काढून टाकायला सांग.

तू गाऊ नयेस असे आम्हाला कधीच वाटले नाही, आणि हे पत्र वाचतानाही तुला तसे वाटू नये. तुझी मराठी गाणी रेगेटॉनच्या ठेक्यावर ऐकताना मला तुझा अभिमान वाटतो. 'पावसात भिजलेली एस.टी.' हे तुझे गाणे तर बाबा सकाळी आंघोळ करताना म्हणतात. कंपनी चांगली असू शकेल आणि त्यांचा हेतूही स्वच्छ असू शकेल. तसे असेल तर चार अटी बदलायला त्यांना काहीच अडचण वाटणार नाही.

कंपनीबरोबरची सोमवारची भेट आठवडाभर पुढे ढकल आणि कारण विचारले तर वकिलांचा सल्ला घेत आहे असे मोकळेपणाने सांग. शुक्रवारी रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेसने निघ. शनिवारी दुपारी बाबांच्या ओळखीच्या वकीलबाईंनी वेळ दिला आहे. येताना मसुद्याची छापील प्रत आण, कारण फोनवर वाचताना शेवटची परिशिष्टे राहून जातात, आणि आजवर तू केलेल्या प्रत्येक गाण्याचे नाव, ते कधी बांधले, कोणी काय वाजवले, याची यादी वहीत लिहून आण. यादीत सोबतच्या मुलांची नावे विसरू नकोस.

तुझी,
आई