"सीएचबीला ट्रेनिंग कशाला?" : उच्च शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,
सविनय नमस्कार.

गेल्या सोमवारी आमच्या प्राचार्यांनी माझा अर्ज सही न करता टेबलावरून परत सरकवला. मी सीएचबीवर, म्हणजे क्लॉक अवर बेसिस किंवा तासिका तत्त्वावर, तासाप्रमाणे मानधन घेऊन शिकवते. दोन आठवड्यांच्या ऑनलाईन रिफ्रेशर कोर्ससाठी, म्हणजे शिक्षकांच्या उजळणी-प्रशिक्षणासाठी, मला ना हरकत पत्र हवं होतं. रजा मागितली नव्हती की पैसे मागितले नव्हते. फी मीच भरणार होते आणि तासिका सांभाळून संध्याकाळची सत्रं करणार होते. ते म्हणाले, "मॅडम, सीएचबीला ट्रेनिंग कशाला? पुढच्या वर्षी तुम्ही असाल, नसाल." त्यांचा आवाज चढलेला नव्हता. मला दुखवावं असंही त्यांच्या मनात नसावं. इतकं साधं, रोजचं वाक्य होतं ते, आणि म्हणूनच त्या रात्री मला झोप आली नाही.

मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी अनुदानित वरिष्ठ महाविद्यालयात तासिका तत्त्वावर मराठी शिकवते. नेट ही प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा झालेय, पीएच.डी. झालेय. अकरा वर्षं झाली. या अकरा वर्षांत त्याच कॉलेजात, त्याच खोलीत मी अकरा मुलाखती दिल्या. दर जुलैत समोर बसलेले लोक विचारतात, "स्वतःबद्दल सांगा." त्यांतल्या एका सरांच्या मुलीला मी तीन वर्षं शिकवलंय.

मानधन महिन्याच्या महिन्याला मिळेल, असं आम्हाला सांगितलं होतं. या वर्षी पहिलं बिल निघालं ते फेब्रुवारीत. तोवर बिलाची फाईल कॉलेजातून सहसंचालक कार्यालयात जाते, त्रुटी लागून परत येते, पुन्हा जाते. एकदा त्रुटी होती ती माझ्या नावापुढे 'डॉ.' लिहिलंय आणि आदेशात 'श्रीमती' आहे, ही. त्यात दीड महिना गेला. किराणा दुकानदाराला मी हे कारण सांगितलं तेव्हा तो बिचारा काही बोललाच नाही. त्यानं वही मिटून ठेवली.

हिशेब सांगते, कारण मंत्रालयात आकडे लवकर कळतात असं म्हणतात. पदवीच्या तासाला दर ९०० रुपये. पण हा दर साठ मिनिटांचा, आणि आमची तासिका ४८ मिनिटांची, म्हणजे हातात ७२०. गणपतीच्या महिन्यात माझ्या २२ तासिका झाल्या. १५,८४० रुपये. विद्यापीठ अनुदान आयोगानं जानेवारी २०१९ मध्येच अतिथी शिक्षकाला एका व्याख्यानाचे १,५०० आणि महिन्याला जास्तीत जास्त ५०,००० रुपये द्यावेत असं कळवलंय. आयोगाच्या बाकीच्या सूचना आमच्या कॉलेजच्या फलकावर दुसऱ्या दिवशी लागतात. ही मात्र अजून लागलेली नाही.

आणि पैसे मिळतात ते फक्त तासिकेचे. पेपर सेट करणं, अंतर्गत गुण भरणं, परीक्षेचं पर्यवेक्षण, वाङ्मय मंडळ, युवक महोत्सवाची एकांकिका, राष्ट्रीय सेवा योजनेचं शिबिर, प्रवेशाच्या दिवसांत गावोगाव फिरणं, हे सगळं 'आपलं कॉलेज' म्हणून करायचं. नाही म्हणता येत नाही. जुलै प्रत्येकाच्या डोक्यावर असतो.

तीन वर्षांपूर्वी आमच्याकडे नॅकची, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेची, समिती आली होती. त्याआधीचे चार महिने आम्ही सीएचबीवाले रात्री आठपर्यंत कॉलेजात फाईली लावत होतो. माझ्याकडे सहावा निकष होता, प्रशासन, नेतृत्व आणि व्यवस्थापन. त्यात ६.३ म्हणून एक भाग आहे, शिक्षकांचं सक्षमीकरण. कर्मचाऱ्यांसाठी कल्याणकारी योजना कोणत्या, प्रशिक्षणासाठी किती शिक्षकांना पाठवलं, आर्थिक मदत किती दिली, हे सगळं त्यात लिहायचं असतं. ती पानं मी लिहिली. ज्या शिक्षिकेला बसायला खुर्ची नाही तिनं लिहिलं की संस्था आपल्या शिक्षकांची काळजी घेते. समिती येण्याच्या आदल्या दिवशी आम्हाला सांगण्यात आलं, उद्या स्टाफरूममध्ये गर्दी नको, तुम्ही सगळे मागच्या वाचनालयात बसा. आम्ही बारा जण जुन्या मासिकांच्या गठ्ठ्यांमध्ये बसलो होतो. दुपारी दोनला शिपाई मामा गुपचूप पोह्यांच्या प्लेटा घेऊन आले. पाहुण्यांसाठी केलेले पोहे होते. आमच्यातल्या भौतिकशास्त्राच्या सरांनी प्लेट हातात घेतली आणि तशीच खाली ठेवली. ते पेपरात गुणवत्ता यादीत आलेले विद्यार्थी होते एके काळी.

आमच्या कॉलेजात एकवीस शिक्षक आहेत, त्यांतले बारा तासिकेवर. कंत्राटी शिक्षक एकूण पदांच्या दहा टक्क्यांहून जास्त नसावेत, असं आयोगाचं २०१८ चं विनियम सांगतं. आमचं नाव कंत्राटी नाही, तासिका तत्त्व आहे, म्हणून तो नियम आम्हाला लागत नाही, असं मला एका अधिकाऱ्यानं समजावलं. नाव बदललं की माणूस बदलतो का, साहेब?

२०१९ साली मी बाळंत झाले. सिझेरियन होतं. कायद्यात २६ आठवड्यांची प्रसूती रजा आहे, वर्गात पोरींना मीच ते सांगते. बाविसाव्या दिवशी मी वर्गावर उभी होते, कारण माझ्या तासिका दुसऱ्याला दिल्या तर परत मिळतील याची कुणीच खात्री देईना. टाक्यांवर हात ठेवून 'लीळाचरित्र' शिकवलं. मागच्या बाकावरची एक मुलगी उठली आणि न विचारता खुर्ची आणून ठेवली. अकरा वर्षांत त्या कॉलेजात मला कुणी दिलेली ती एकच खुर्ची.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये तेरावं प्रकरण प्राध्यापकांवर आहे. प्रेरित, उत्साही आणि सक्षम प्राध्यापक हवेत, असं त्याचं शीर्षकच आहे. त्यात पिण्याचं स्वच्छ पाणी, स्वच्छतागृहं आणि बसायला कार्यालय इथपर्यंत लिहिलंय. केंद्रानं शिक्षक प्रशिक्षणासाठी मालवीय मिशन काढलं. पण ज्यांच्या खांद्यावर निम्मंअधिक कॉलेज चाललंय त्यांना एक सही मिळत नसेल तर हे मिशन पोचणार कुणापर्यंत? प्रशिक्षणाला जाणारे तेच ते पर्मनंट, आणि ते गेले की त्यांचे तास आम्ही घ्यायचे. फुकट.

जागा रिकाम्या आहेत हे तुम्हाला माहीत आहे. राज्यातल्या अनुदानित महाविद्यालयांत दहा हजारांच्या वर. नोव्हेंबर २०१८ मध्ये ३,५८० पदं भरायला मान्यता मिळाली. १,४९२ पर्यंत गाडी पोचली, कोरोना आला आणि मे २०२० मध्ये भरती बंद. मग नोव्हेंबर २०२१ मध्ये २,०८८ पदांची मान्यता आली. आमच्या गटावर रात्रभर अभिनंदनं चालली होती. माझ्या नवऱ्यानं पेढे आणले. सकाळी मी वजाबाकी केली. ३,५८० वजा १,४९२. जुनीच राहिलेली पदं होती ती. नवीन एकही नव्हतं. त्यानंतर दर अधिवेशनात एक आकडा ऐकतो आणि दर दिवाळीला वयाचं एक वर्ष वाढतं. माझ्याबरोबरचे दोघं आता ऑनलाईन विमा विकतात. एकानं गावात पिठाची गिरणी टाकली, तो आमच्यात सगळ्यात सुखी आहे.

आणि जागा निघाली तरी काय? पगार सरकार देणार, निवड संस्था करणार. एका संस्थेत मुलाखतीच्या आधी मला बाहेरच्या बाकावर बसवून एक गृहस्थ शेजारी बसले आणि त्यांनी आकडा सांगितला. आमची सगळी शेती विकली तरी तो आकडा भरत नव्हता. शाळांसाठी तुम्ही शिक्षक भरतीचं पवित्र पोर्टल आणलंत. कॉलेजांसाठी का नाही? कोणाला नकोय ते? अहो, विचार करा, जो माणूस पैसे मोजून खुर्चीवर बसलाय तो हाताखालच्याला काय वागवणार, आणि जो दर जुलैत हात जोडून उभा राहतो तो वर्गात पोरांना निर्भयपणे बोलायला काय शिकवणार? सगळे गप्प. पर्मनंट गप्प, कारण त्यांचं चाललंय. आम्ही गप्प, कारण आमचं चालावं. विद्यापीठही गप्प आहे. याला तुम्ही शिस्त म्हणता, मी भीती म्हणते.

ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं गुजरातच्या कंत्राटी सहाय्यक प्राध्यापकांच्या प्रकरणात समान कामाला समान वेतन द्यायला सांगितलं, आणि शिक्षकांना सन्मानानं वागवायचं नसेल तर कार्यक्रमांत 'गुरुर्ब्रह्मा' म्हणण्यात अर्थ नाही, या आशयाचंही सुनावलं. त्यानंतर दोनच आठवड्यांनी आमच्याकडे शिक्षक दिन झाला. सूत्रसंचालन माझ्याकडे होतं. श्लोक मीच म्हटला. गुलाब आणि शाल पर्मनंट शिक्षकांना होती, नावं मी पुकारली.

माझं मागणं फार नाही. मानधन महिन्याला द्या आणि तासिका पूर्ण तासाची धरा. नियुक्ती एकदा झाली की कारण दिल्याशिवाय ती मोडू नये असा आदेश काढा. प्रसूतीत आमची जागा राखा. अनुभवाचा दाखला मागितला की आठ दिवसांत मिळावा. आणि प्रशिक्षणाला जाणाऱ्याला प्राचार्यांची सही अडवता येणार नाही, एवढं एक वाक्य तुमच्या परिपत्रकात घाला. या शेवटच्या मागणीला सरकारचा एक रुपया लागत नाही.

पत्राखाली नाव लिहीत नाही. माझे विद्यार्थी हे वाचून मला ओळखतील, तेवढं पुरे. रिफ्रेशरची नोंदणी येत्या शुक्रवारी बंद होतेय आणि जुलैत माझी बारावी मुलाखत आहे.

आपली,
तासिका तत्त्वावरील एक प्राध्यापिका