सिंधी वर्गात आधी ही चार अक्षरे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावण्यांत उतरलेले सिंधी निर्वासित केव्हाच उल्हासनगरकर झाले; 'कॅम्प' तेवढा पत्त्यात उरला. भाषा १९६७ मध्ये राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत गेली, पण नातवंडे आजीला उत्तर देतात हिंदीत. त्यांच्यासाठी सिंधीचा वर्ग काढावा, तर पहिला तास देवनागरी की अरबी, या लिपीच्या वादातच जातो.

आमच्या मते सुरुवात देवनागरीतूनच व्हावी. अरबी वळणाच्या सिंधी लिपीत अक्षरे ५२. 'ज़' या एका उच्चाराला चार. शिवाय ऱ्हस्व स्वर सहसा लिहीत नाहीत. सिंधीत 'घरु' म्हणजे एक घर, 'घर' म्हणजे अनेक. घरात सिंधी कानावर न पडणाऱ्या मुलाला तो उकार पानावर दिसायलाच हवा.

मात्र देवनागरी पुस्तिकाही फसतात. त्या मराठी कीबोर्डवर टाइप होतात, तिथे ॻ, ॼ, ॾ, ॿ ही सिंधीची चार खास अक्षरे नसतात. मग साधे ग, ज, ड, ब येतात. 'ॿारु' म्हणजे मूल, 'बारु' म्हणजे ओझे. एक रेघ गेली आणि मुलाचे ओझे झाले! (परीक्षेच्या दिवसांत काही पालकांना ते पटेलही.) कुणी साधे अक्षर अधोरेखित करतात, पण मजकूर दुसरीकडे चिकटवला की रेघ गळते. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या अक्षरांच्या प्रमाण यादीत, ही अक्षरे २००६ पासून स्वतंत्र आहेत. सिंधी देवनागरी कीबोर्ड घ्यावा आणि छपाईआधी एका पानाची पीडीएफ तपासावी. अक्षरांजागी चौकटी दिसल्या तर 'नोटो सॅन्स देवनागरी' हा फॉन्ट लावावा.

हे चार उच्चार मराठीत नाहीत. 'ॿ' म्हणताना ओठ मिटून कंठ खाली ओढायचा, म्हणजे ओठ उघडताच हवा किंचित आत जाते. फळ्यावर हे समजावून काही होत नाही. मूल आणि ओझे अशी दोन चित्रे समोर ठेवावीत, आजीने एक शब्द उच्चारावा, मुलाने चित्रावर बोट ठेवावे. आधी कान तयार होतो, मग जीभ.

अरबी लिपी टाकून द्या, असे आम्ही म्हणत नाही. ती दुसऱ्या वर्षी शिकवावी. पण ट्रंकांतली जुनी पत्रे आणि पुस्तके तोवर थांबणार नाहीत, कारण ती सहज वाचणारे बहुतेक जण आता ऐंशीच्या पुढे आहेत. प्रत्येक पानाचा सपाट उजेडात फोटो घ्यावा, आजोबांकडून ते मोठ्याने वाचून घ्यावे, मोबाइलवर रेकॉर्ड करावे. सुरुवातीला पान क्रमांक तोंडाने सांगायला विसरू नये. नाहीतर कोणता आवाज कोणत्या पानाचा, हे पुढे कुणालाच लागत नाही.

— सिंधी शिकवणारे काही शिक्षक, उल्हासनगर