यादी उलटी कर

इंदूर

चि. मुक्ता हिस अनेक आशीर्वाद.

आपल्या आर्किटेक्ट ऑफिससाठी काय काय घ्यायचं, ती तुझी यादी वाचली. रेंडरिंगचं, म्हणजे इमारतीची हुबेहूब चित्रं काढायचं, मशीन पहिल्या नंबरावर आणि लेझर स्कॅनिंग तळाशी, तेही ‘जमल्यास’. माझ्या मते ही यादी उलटी कर.

आपल्याकडे कामं येतात ती राजवाड्याच्या आसपासच्या गल्ल्यांतली. वाटण्या झालेले वाडे, भिंत खाली दोन फूट तर वर जेमतेम सव्वा. टेप धरला की आपण प्रत्येक कोपरा काटकोनच समजतो. कर्ण मोजावा, तेव्हा कळतं की खोली तिरकी आहे. स्कॅनर असलं काही गृहीत धरत नाही. लाखो बिंदू टिपतो आणि झुकलेला खांब झुकलेलाच दाखवतो. अर्थात दिसतं तेवढंच. तुळईला आतून वाळवी किती, ते टोचा मारूनच बघावं लागतं, आणि त्याला आपला म्हातारा सुतारच हवा.

खुद्द राजवाडा घे. खालचे तीन मजले दगडी, वरचे चार लाकडी. १९८४च्या आगीत जळालेलं लाकूडकाम आता कोण मोजणार? पॅरिसच्या नोत्र दामला २०१९मध्ये आग लागली, तेव्हा अँड्र्यू टॅलन यांनी काही वर्षं आधी केलेलं लेझर मोजमाप जीर्णोद्धाराच्या कामी आलं. तो माणूस मुळात कलेतिहासाचा प्राध्यापक.

बिमला (BIM), म्हणजे सगळ्यांनी मिळून वापरायच्या इमारतीच्या त्रिमितीय कॉम्प्युटर मॉडेलला, माझा विरोध नाही. ड्रेनेजचा पाइप बीममधून जातोय हे स्लॅब पडण्याआधी कळणं छोटी गोष्ट नव्हे. पण स्ट्रक्चरवाले आणि प्लंबिंगवाले त्याच मॉडेलवर काम करणार नसतील, तर आपण एकट्यानेच ते सजवत बसू. मोठं काम आलं की बघू.

बिनपैशाचं काम मात्र आजच सुरू कर. साइटवर मिस्त्रीच्या व्हॉट्सॲपवर दुसरं रिव्हिजन आणि ऑफिसात पाचवं, हे बंद झालं पाहिजे. प्रत्येक ड्रॉइंगवर तारीख आणि रिव्हिजन नंबर, जुनं ते ‘रद्द’ फोल्डरात. नकाशा मंजुरी आता ऑनलाइन असते, तेव्हा ड्रॉइंगमधल्या लेयरची, म्हणजे भिंती, दारं अशा वेगवेगळ्या थरांची, नावं पहिल्या रेघेपासून ठरलेलीच ठेव.

जुनी इंदूर भागातल्या वाड्याचं मोजमाप लवकरच करायचंय. स्कॅनर विकत नको, भाड्याने बोलव. दोघातिघांकडून भाव घे, आणि पॉइंट क्लाउडची, म्हणजे टिपलेल्या सगळ्या बिंदूंची, मूळ फाइल देणार का, हे आधी विचार. नुसती पीडीएफ देणार असतील तर त्यांना नको म्हण.

तुझा,
बाबा