आकाशपाळणा फेरिसच्याही आधीचा

संपादक महोदय,

बहिरमच्या यात्रेत हंडीतले मटण आणि रोडगे यांच्या जेवणाइतकीच गर्दी आकाशपाळण्याजवळ असते. हा पाळणा अमेरिकेची देणगी, असे सर्रास सांगितले जाते. शिकागोच्या १८९३च्या प्रदर्शनात जॉर्ज फेरिस या अभियंत्याने २६४ फूट उंच पोलादी चाक उभारले, त्याच्या ३६ डब्यांत एका वेळी २,१६० माणसे मावत, हे खरेच. पण पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाने १६२०मध्येच, तुर्की अमलाखालच्या बल्गेरियात पाहिलेल्या लाकडी पाळण्यांचे वर्णन लिहून ठेवले आहे. फेरिसने भव्यता आणली, कल्पना नव्हे. (लहान पोरं आजही हाताने ढकलायच्या पाळण्यालाच चिकटतात!)

मोठ्या पाळण्याचे नट-बोल्ट मात्र यात्रेपूर्वी अभियंत्याकडून तपासून घ्यावेत आणि तो दाखला तिकीट खिडकीवर लावावा.

– एक वाचक, ता. चांदूर बाजार, जि. अमरावती